झालेली किती, जगलेली किती? (उत्तर ध्रुवाकडचे आदिवासी समाज आणि नैसर्गिक निवड)

उत्तरायण

नमस्कार मंडळी.

माझं काम विम्याच्या आकडेमोडीचं. अमुक वयाच्या एक लाख माणसांपैकी पुढच्या वाढदिवसाला किती असतील, ही कोष्टकं रोज डोळ्यांखालून जातात. त्यामुळे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी कुठे दिसल्या की हातातलं काम बाजूला पडतं. गेले तीन आठवडे मी फिनलंडच्या अगदी वरच्या टोकाला अडकलो आहे. उत्स्योकी, इनारी, एनॉन्टेकिओ. हा सामी लोकांचा मुलूख. रेनडियर पाळायचे, मासे धरायचे, शिकार करायची. तिथल्या ल्युथेरन पाद्र्यांनी बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं नेमाने लिहून ठेवली आणि त्या वह्या टिकल्या. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत एकेका बाईचं लग्न कधी झालं, मुलं किती झाली, त्यांतली किती मोठी झाली, ती स्वतः कधी गेली, हे सगळं जुळवता येतं.

समुली हेले, विर्पी लुम्मा आणि युक्का योकेला या संशोधकांनी २००२ मध्ये या वह्यांवरून दाखवलं की प्रत्येक मुलग्यामागे आईचं आयुष्य सरासरी ३४ आठवड्यांनी कमी झालेलं दिसतं. मुलींच्या बाबतीत तसं दिसत नाही. त्यांचाच २००८ चा दुसरा निष्कर्ष असा, की त्या काळच्या सामी पुरुषांत ज्यांची बायको सुमारे १५ वर्षांनी लहान होती, त्यांची सर्वांत जास्त मुलं जगली.

नैसर्गिक निवड म्हटलं की डोळ्यांसमोर शाळेतला जिराफ येतो. माणसांत ती शोधायची तर आधी दोन साध्या गोष्टी मोजाव्या लागतात: मूल होण्याच्या वयापर्यंत कोण पोचलं, आणि पोचलेल्यांना मुलं किती झाली. माझं मत असं, की उत्तरेकडच्या समाजांत गेल्या शंभर वर्षांत बालमृत्यू कमी झाले तरी निवड थांबलेली नाही. ती मरणाकडून जन्माकडे सरकली आहे.

चुकत असेन तर सांगा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ओसरी

रुमाल टाकून जागा धरते. रात्री निवांत वाचते.

चिंचपोकळी

लेख आवडला, पण ते १५ वर्षांचं वाचून थबकलो. माझ्या आजी-आजोबांत तेरा वर्षांचं अंतर होतं आणि अकरा मुलं झाली, म्हणजे आमच्या घरात सामी नियम लागू होता म्हणायचा! आजी मात्र सांगायची की तिला आठवतं तेव्हापासून एकतर पोटात किंवा कडेवर कुणीतरी असायचंच. ‘सर्वांत जास्त मुलं जगली’ हे पुरुषाच्या बाजूने मांडलं आहे. सामी बाईच्या बाजूने तेच वाक्य कसं लिहिलं असतं?

उत्तरायण

@चिंचपोकळी, रास्त प्रश्न. चर्चच्या वहीत बाईचं मन नसतं, तारखा असतात. पण त्याच वह्यांतून निघालेला ३४ आठवड्यांचा आकडा हे मला तिच्या बाजूचं एक वाक्य वाटतं.

जुनापाना

त्या ३४ आठवड्यांवर फार भार टाकू नका. बाइझे आणि फोलांट या दोन संशोधकांनी लगेच जर्मनीतल्या क्रुमहोर्न आणि कॅनडातल्या क्वेबेकच्या जुन्या नोंदींत तेच तपासलं. तिथे मुलग्यांचा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे एक तर लॅपलंडच्या (याच सामी मुलखाच्या) हलाखीत ते खरं होतं आणि इतरत्र नव्हतं, किंवा नोंदी थोड्या असल्यामुळे तसं दिसलं. दोन्ही शक्य आहे. ‘मुलगा झाला की आईचं आयुष्य घटतं’ असं व्हॉट्सॲपवर फिरायला वेळ लागायचा नाही, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

गणिती

उत्तरायण यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी मोजायचं एक जुनं साधन आहे. जेम्स क्रो हा अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ, विस्कॉन्सिनचा. त्याने १९५८ मध्ये ‘निवडीला वाव किती’ हे सांगणारा निर्देशांक मांडला. कागद-पेन्सिलीने करता येतो, म्हणून जगभरच्या मानवशास्त्रज्ञांनी तो उचलला.

समजा जुन्या काळी १००० जन्मांपैकी ४०० मुलं मोठी होण्याआधी गेली. मेलेल्यांचा वाटा ०.४, जगलेल्यांचा ०.६. भागाकार ०.६७. हा झाला मृत्यूचा भाग.

समजा मोठ्या झालेल्या बायकांना सरासरी ५ मुलं झाली आणि व्हेरियन्स (बायकाबायकांत मुलांच्या संख्येचा फरक किती, त्याचं माप) १०. व्हेरियन्सला सरासरीच्या वर्गाने भागायचं, १० भागिले २५, म्हणजे ०.४०. हा जननाचा भाग.

बेरीज १.०७.

आता आजचं घेऊ. १००० मध्ये २० मुलं गेली: ०.०२. सरासरी अडीच मुलं, व्हेरियन्स ३: ०.४८. बेरीज ०.५०. मृत्यूचा भाग जवळजवळ गायब. उत्तरायण यांचं म्हणणं आकड्यात उतरतं.

शेवंती

@गणिती, मांडणी छान, पण एक पायरी राहिली. जननाचा भाग थेट मिळवायचा नसतो, आधी जगलेल्यांच्या वाट्याने भागायचा असतो. म्हणजे जुन्या काळासाठी ०.४० भागिले ०.६, तेही ०.६७. बेरीज १.३३. आजच्यासाठी ०.४८ भागिले ०.९८, म्हणजे ०.४९, बेरीज ०.५१. जुन्या उदाहरणात मरण आणि जन्म दोघांचा वाटा निम्मा-निम्मा, आजच्यात जवळजवळ सगळा जन्माचा.

हे मला तोंडपाठ असण्याचं कारण म्हणजे एमएस्सीला मानवशास्त्र होतं. भारतात किती तरी आदिवासी जमातींवर क्रोचा निर्देशांक काढला गेला आहे. माझा प्रबंधही त्यातलाच. धारणी तालुक्यात कोरकू बायकांकडून मुलांची माहिती घ्यायची: झालेली किती, जगलेली किती, गेली ती कोणत्या वयात.

पहिल्याच आठवड्यात एका आजींनी बोटं मोजून सात सांगितली. मी सात लिहिलं. चहा झाला, दुभाषी मुलगी त्यांच्याशी कोंबड्यांबद्दल काहीबाही बोलत बसली, आणि मी वही मिटल्यावर आजी म्हणाल्या की मधे दोन पावसाळ्यांत दोन झाली होती, नाव ठेवायच्या आत गेली. मी वही परत उघडून सातावर काट मारली आणि नऊ केलं. सातवर थांबले असते तर मृत्यूचा भाग कमी निघाला असता आणि जननाचाही चुकला असता. त्यानंतर मी प्रत्येक घरी चहाच्या आधी एकदा आणि चहानंतर एकदा विचारायचे. पाद्र्याच्या वह्या नेमक्या असतील, पण बाप्तिस्म्याआधी गेलेली लेकरं तिथेही सगळीच्या सगळी असतील का, हे बघायला हवं.

गणिती

@शेवंतीताई, चूक मान्य, भागायचं राहिलंच. धन्यवाद. ते नऊ वाचून पुढचं टंकवेना.

हिरवळ

मला मूळ मुद्द्यातच एक अडचण दिसते. उत्तरेत मरण कमी झालं हे अगदी अलीकडचं. त्याआधी साथींनी वस्त्याच्या वस्त्या गेल्या. ज्यांच्यात प्रतिकारशक्ती होती ते राहिले, नव्हती ते गेले. नैसर्गिक निवडीचं याहून ढळढळीत उदाहरण कुठलं? भावना बाजूला ठेवून बघायला हवं.

जुनापाना

@हिरवळ, भावना बाजूला ठेवूनच लिहितो.

अलास्कातली ब्रेव्हिग मिशन ही वस्ती, तेव्हाचं नाव टेलर मिशन. नोव्हेंबर १९१८, फ्लूची जगभरची साथ. टपाल कुत्र्यांच्या गाडीवरून यायचं आणि रोगही त्याच वाटेने आला असं मानतात. ऐंशीच्या आसपास माणसांतली ७२ पाच दिवसांत गेली. उरली ती पोरंठोरं. गोठलेल्या जमिनीत एकच मोठा खड्डा खणून सगळ्यांना पुरलं.

आजच्या कॅनडातल्या लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावरचं ओकाक, त्याच महिन्यांतलं. २६३ पैकी २०४ माणसं गेली. शेजारच्या भागात एक आठ वर्षांची मुलगी पाच आठवडे मेलेल्यांमध्ये एकटी जगली, बाहेर उपाशी कुत्री.

यातली किती माणसं विषाणूने गेली आणि किती चूल विझल्यामुळे, पाणी आणायला कुणी उठू न शकल्यामुळे गेली, हे वेगळं काढता येत नाही. घरातली सगळी मोठी माणसं एकाच दिवशी आडवी पडली तर शून्याखालच्या थंडीत जनुकं कितीही चांगली असोत, काय करणार? निवड म्हणण्यासाठी वाचलेल्यात आणि गेलेल्यात काही आनुवंशिक फरक असावा लागतो आणि त्या फरकामुळे ते वाचलेले असावे लागतात. त्या आजाराशी कधी गाठच पडली नव्हती, ही परिस्थिती झाली. तिला रक्तातला दोष म्हणता येत नाही. आणि क्रोच्या सूत्रात ते २०४ टाकले तर मृत्यूचा भाग आभाळाला भिडेल. त्याचा अर्थ ‘वाव’ मोठा, इतकाच. क्रोनेही पुढे त्याला वावच म्हटलं.

जाता जाता: योहान हुल्टिन या संशोधकाने १९५१ मध्ये त्याच खड्ड्यातून विषाणू मिळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. १९९७ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, तो गावकऱ्यांची परवानगी घेऊन परत गेला. एका बाईचं शरीर चरबीमुळे आत टिकलं होतं. तिच्या फुप्फुसातून मिळालेल्या नमुन्याचा टाउबेनबर्गर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या चमूला मोठा उपयोग झाला आणि २००५ पर्यंत १९१८ च्या विषाणूचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला. निघण्याआधी हुल्टिनने कबरीवर नवे क्रूस उभे केले.

ओसरी

वाचून झालं. जुनापाना यांच्या प्रतिसादाला दंडवत. त्या आठ वर्षांच्या मुलीपाशी आले आणि पुढे जाववेना.

हिरवळ

@जुनापाना, पटलं. ‘ढळढळीत’ हा शब्द मागे घेतो. पण म्हणजे उत्तरेत खरी निवड झालीच नाही का?

बर्फवाट

झाली आहे, आणि तिचे परिणाम माझ्या रोजच्या कामात येतात, म्हणून लिहिते. मी कॅनडाच्या उत्तरेला, नुनावुतमधल्या एका छोट्या वस्तीत नर्स आहे. नाशिकहून टोरांटो, तिथून इथे, आता सहा वर्षं झाली. (मोबाईलवरून टंकते आहे, चुका समजून घ्या.)

आधी एक विनंती, धाग्यात कुणी अजून एस्किमो म्हटलं नाही ते बरं झालं. इथले लोक स्वतःला इनुइट म्हणतात. अनेकांसाठी इनुइट, एकासाठी इनुक.

आता जनुकाचं. यकृतात चरबी जाळून शक्ती मिळवायची तर लांब साखळीची मेदाम्लं पेशीतल्या भट्टीत आत न्यावी लागतात. त्या दारावर जे विकर काम करतं त्याचं नाव सीपीटी१ए. इनुइट आणि ईशान्य सैबेरियातल्या लोकांत या विकराचा एक वेगळा नमुना फार मोठ्या प्रमाणात सापडतो. नुनावुतमधल्या निम्म्याहून जास्त बाळांत त्याच्या दोन्ही प्रती असतात, आईकडूनही आणि वडिलांकडूनही. एखादा नमुना इतका पसरला की निवडीचा संशय येतो. २०१४ च्या अभ्यासात सैबेरियाच्या बाजूने बघतानाही इथे जोरदार निवडीची खूण मिळाली. सील, देवमासा, कॅरिबू, मासे. शतकानुशतकं आहारात पिष्ट जवळजवळ नाही, सगळी चरबी आणि प्रथिनं. त्या जेवणात हा नमुना फायद्याचा ठरला असणार, असं बरेच जण मानतात, नेमका कसा यावर मात्र अजून वाद आहेत.

अडचण तान्ह्या बाळाची. हा नमुना असलेलं बाळ बराच वेळ उपाशी राहिलं, किंवा सर्दी-तापात दूध घेईना, तर रक्तातली साखर झपकन उतरू शकते, आणि साखर संपल्यावर चरबीतून केटोन तयार करून तग धरायची सोयही तोकडी असते. अलास्कातल्या अभ्यासात दोन्ही प्रती असलेल्या बाळांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. बहुतेक बाळं मात्र अगदी धडधाकट वाढतात, हेही तितकंच खरं.

मागच्या फेब्रुवारीत रात्री एक आजी बाळाला अमाउतीत घेऊन आल्या. अमाउती म्हणजे मोठ्या टोपीचा, पाठीवर बाळासाठी झोळीसारखी जागा असलेला अंगरखा, बाळ त्यात आईच्या उघड्या पाठीला चिकटून असतं. आजी शांतपणे म्हणाल्या, दुपारपासून नीट पीत नाही. मी टाचेतून थेंब घेतला, साखर खूप खाली. साखरेचं पाणी लावलं, अर्ध्या तासात बाळाने हात हलवून माझा चष्मा ओढला. आजीने दुपार लक्षात ठेवली नसती आणि सकाळची वाट पाहिली असती, तर? आम्ही प्रत्येक आईला हेच सांगतो: वारंवार पाजा, आजारी असलं तर लगेच या, ‘झोपलंय तर झोपू दे’ करू नका.

@उत्तरायण, तुमच्या सरकण्याबद्दल. ज्या नमुन्याने इथली माणसं जगवली, तोच आज काही बाळांना घातक ठरतो, आणि एक जागरूक आजी व एक ग्लुकोमीटर तो धोका पुसून टाकतात. मग निवडीचं पारडं कुठल्या बाजूला झुकलं, ते तुम्ही सांगा.

चिंचपोकळी

ताई, चष्म्यापाशी आलो तेव्हा कुठे सुटकेचा श्वास सोडला.

शेवंती

@बर्फवाट, अप्रतिम. यालाच जोडून: २०१५ मध्ये ग्रीनलंडच्या इनुइटांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात मेदाम्लं घडवणाऱ्या फॅड्स जनुकांवर निवडीची ठळक खूण मिळाली. त्याचा परिणाम उंची आणि वजनावरही दिसतो, दोन्ही थोडी कमी. ही खरी निवड, हजारो वर्षांची. चरबीचा आहार घेणाऱ्या सगळ्यांवर एकाच दिशेने, पिढ्यानपिढ्या दाब. एका हिवाळ्यातल्या साथीत ते होत नाही.

एक जुना प्रश्न विचारते. पूर्वी इनुइट बायकांत दोन मुलांत बरंच अंतर असायचं असं वाचलं होतं, ते का?

बर्फवाट

अंगावर दूध पाजण्यामुळे. दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त. दिवसरात्र मूल पाठीला, मागेल तेव्हा पाजायचं, म्हणून पाळी उशिरा परतायची. १९५० आणि ६० च्या दशकांत कुटुंबं तळांवरून कायमच्या वस्त्यांत आली, दुकान आलं, बाटली आली, आणि पाळणे भराभर हलायला लागले. त्याच सुमारास दवाखाना आल्यामुळे मूल जगण्याचं प्रमाणही वाढलं. दोन्ही आकडे एकाच दशकात हलले, आणि कारण ना जनुक ना थंडी.

त्याच वर्षांत क्षय. सरकारी जहाज सी. डी. हाउ उन्हाळ्यात किनाऱ्याने यायचं, डेकवरच क्ष-किरण तपासणी. डाग दिसला की माणूस तिथेच ठेवून घ्यायचे, कित्येकदा घरी निरोप सांगायलाही उतरू न देता. १९५६ मध्ये दर सात इनुइटांमागे एक जण दक्षिणेतल्या इस्पितळात होता. माणसांच्या ओळखीसाठी सरकारने गळ्यात अडकवायच्या क्रमांकाच्या चकत्या दिल्या होत्या आणि नावं हवी तशी लिहिली जात, त्यामुळे दक्षिणेत वारलेल्यांच्या कबरी कुठे आहेत हे घरच्यांना कळेना. २०१९ च्या मार्चमध्ये कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी नुनावुतच्या राजधानीत, इकालुइटमध्ये येऊन माफी मागितली, आणि कबरी शोधून द्यायचं काम सुरू झालं, त्याला नानिलावुत म्हणतात. ‘चला, त्यांना शोधू या.’

आणि हो, वर लिहायचं राहिलं. ती आजी बाळाला ‘अताता’ म्हणत होती. अताता म्हणजे बाबा. तिच्या वारलेल्या वडिलांचं नाव बाळाला दिलं आहे, म्हणून ती नातवाला बाबा म्हणते आणि तसंच वागवते. आपल्याकडे सासऱ्याचं नाव मुलाला ठेवलं की सून त्याला नावाने हाक मारत नाही, तेच आठवलं.

तैगा

फार उशिरा आलो. रशियाच्या बाजूचंही थोडं.

तैमिर द्वीपकल्पावरचे न्गानासान हे युरेशियातल्या सर्वांत उत्तरेकडच्या लोकांपैकी. २०१० च्या जनगणनेत ८६२. एवढ्या लहान समाजात निवडीपेक्षा निव्वळ योगायोगाचा हात मोठा असतो. एखाद्या घरातली पाच भावंडं निपुत्रिक राहिली, किंवा दोघी बहिणी लांब लग्न होऊन गेल्या, तर एखादा जनुकनमुना त्या समाजातून कायमचा जाऊ शकतो, तो चांगला होता का वाईट याच्याशी संबंध नाही. रानटी रेनडियरच्या मागे फिरणारे लोक सोव्हिएत काळात उस्त-आवाम, वोलोचांका अशा गावांत वसवले गेले, मुलं वसतिशाळांत गेली, लग्नं डोल्गान आणि रशियन घरांत व्हायला लागली. हजाराच्या आतल्या समाजाचा क्रो-निर्देशांक काढला तर एका पिढीत काहीही येऊ शकतं, पुढच्या पिढीत भलतंच.

उत्तरायण

प्रतिसाद वाचून माझ्या सुरुवातीच्या वाक्याला बरेच टेकू द्यावे लागणार असं दिसतं. तरी एक दुवा अजून आहे. लुम्मांच्याच गटाने २०१२ मध्ये फिनलंडच्या चर्चनोंदींतले ५,९२३ लोक तपासले (हे फिनिश, सामी नव्हेत), १७६० ते १८४९ मध्ये जन्मलेले. जवळजवळ निम्मे पंधराव्या वर्षाआधी गेलेले. शेती आली, एकपत्नीत्व होतं, तरी निवडीला वाव भरपूर होता असं त्यांनी दाखवलं. म्हणून मला वाटलं होतं की मरण ओसरल्यावर जननातला फरक हेच निवडीचं मैदान उरतं. कोणाला चार मुलं, कोणाला एक, कोणाला एकही नाही, यात काही तरी आनुवंशिक असणारच.

कोपनहेगनकर

@उत्तरायण, नेमकं इथेच मला थांबवावंसं वाटतं.

मी डेन्मार्कात तेवीस वर्षं आहे. ग्रीनलंडचा जन्मदर १९६० च्या दशकात फार चढा होता, आणि काही वर्षांत तो निम्म्यावर आला. आलेख पाहिला तर कडा कोसळल्यासारखा दिसतो. कुणी नुसता तो आलेख बघून ‘आधुनिकीकरण’ लिहून मोकळं होईल.

झालं होतं असं. ग्रीनलंडचा आरोग्य कारभार तेव्हा डेन्मार्ककडे होता, तो १९९२ मध्ये ग्रीनलंडकडे गेला. १९६६ पासून डॅनिश डॉक्टरांनी बायकांना आणि मुलींना आपण जिला तांबी म्हणतो तशी बसवायला सुरुवात केली. तिकडे तिला ‘स्पायरल’ म्हणतात. पहिल्या काही वर्षांतच सुमारे ४,५०० जणी. मूल होण्याच्या वयातल्या जवळजवळ निम्म्या. कित्येकींना विचारलं नाही, सांगितलं नाही. काही बारा-तेरा वर्षांच्या शाळकरी मुली होत्या. काहींना वेदना सोसाव्या लागल्या, काहींना पुढे मूल झालंच नाही, आणि कारण दशकांनंतर कळलं. २०२२ मध्ये डॅनिश रेडिओने हे सविस्तर समोर आणलं. २४ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधान मेट्टे फ्रेडरिक्सन यांनी ग्रीनलंडच्या राजधानीत, नूकमध्ये जाऊन त्या बायकांसमोर माफी मागितली.

त्या पिढीत ‘कोणाला चार, कोणाला एक, कोणाला एकही नाही’ हा फरक कुठून आला, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

गणिती

मी मोजून बघितलं. या वेळी दोनदा तपासलं आहे.

समजा एका समाजात सगळ्या बायकांना सरासरी ४ मुलं, व्हेरियन्स ४. जननाचा भाग ४ भागिले १६, म्हणजे ०.२५.

आता त्यांतल्या निम्म्या बायका मधेच बाहेरून थांबवल्या. त्यांची सरासरी १, व्हेरियन्स १. उरलेल्या निम्म्या पूर्वीसारख्याच. सगळ्यांची मिळून सरासरी अडीच. व्हेरियन्स: आतला २.५, अधिक दोन गटांमधला २.२५, एकूण ४.७५. भागिले ६.२५. उत्तर ०.७६.

जननाचा भाग तिप्पट. एकाही जनुकाचा त्यात हात नाही, दवाखान्यातल्या एका निर्णयाचा आहे. ज्याला इतिहास माहीत नाही तो हे कोष्टक वाचून ‘निवडीला वाव वाढला’ असं लिहील, आणि सूत्राच्या दृष्टीने त्याचं गणित बिनचूक असेल.

उत्तरायण

@कोपनहेगनकर, @गणिती, मूळ लेखातलं ‘निवड मरणाकडून जन्माकडे सरकली आहे’ हे वाक्य मी मागे घेतो. सरकला तो वाव. त्या वावात काय भरलं, ते प्रत्येक समाजाच्या इतिहासात जाऊन बघावं लागेल: कुठे सीलची चरबी, कुठे दुधाची बाटली, कुठे जहाज, कुठे न विचारता बसवलेली तांबी. संपादनाची सोय असली तरी वाक्य तसंच ठेवतो, म्हणजे खालचे प्रतिसाद कशावर आहेत ते नव्याने येणाऱ्यांना कळेल.

सामी वह्यांकडेही परत जायला हवं. शेवंतीताई म्हणाल्या तसं, बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं संशोधकांनी कशी धरली, ते शोधतो आणि इथेच लिहितो.

हिरवळ

@उत्तरायण, नक्की लिहा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि @बर्फवाट, ते चष्मा ओढणारं बाळ आता कसं आहे?

बर्फवाट

चालायला लागलं आहे. आजी परवा दुकानात भेटल्या, म्हणाल्या, बाबा हट्टी आहेत, पूर्वीही होतेच.

शेवंती

काल रात्री माळ्यावरची पेटी काढली. प्रबंधाच्या वह्या आहेत अजून, तीन. एकशे बारा घरं. धाग्यामुळे सुचलं म्हणून प्रत्येक घराचा चहाआधीचा आकडा आणि चहानंतरचा आकडा वेगळा लिहून काढते आहे. छापलेल्या प्रबंधात फक्त दुसराच गेला होता. आतापर्यंत एकोणतीस घरं झाली, अकरा घरांत दुसरा आकडा मोठा आहे. पहिल्या वहीच्या तिसऱ्या पानावर खोडलेलं सात आणि शेजारचं नऊ अजून स्वच्छ दिसतं. खाली पेन्सिलीत मी लिहून ठेवलं होतं, ‘दोन्ही मुली’. हे पार विसरले होते.

पूर्ण झालं की कोष्टक इथे टाकते. गणिती, भागाकार तुम्ही तपासा.